मर्लिन पक्षी-ॲप: कुडाळच्या बागेत वापरून लिहिलेला अभिप्राय

दारात चार झाडं असलेल्या प्रत्येकाने मर्लिन हे ॲप फोनमध्ये घ्यावं, असं माझं मत आहे. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि एकदा आपल्या भागाचा पक्ष्यांचा संच उतरवून घेतला की नेट नसतानाही चालतं. फक्त त्याच्याकडून काय घ्यायचं आणि कुठे थांबायचं हे आधी समजून घ्यायला हवं. आपल्याकडच्या बागेत ते कसं वागतं याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचं घर कुडाळ तालुक्यात, गावाच्या कडेला आहे. पुढे खळं, मागीलदारी विहीर, विहिरीपलीकडे माड-पोफळीची बाग. बागेत जायफळं, केळी, जुने फणस, रातांबे आणि गडग्याला टेकून उभा असलेला उंबर. गडग्यापलीकडे डोंगराचं रान सुरू होतं. अशा जागी पक्ष्यांना तोटा नाही, पण ते दिसत नाहीत. हळद्यासारखा पिवळाधमक पक्षी फणसात शिरला की पाच मिनिटं मान वर करूनही सापडत नाही. आवाज मात्र चहूबाजूंनी येत असतात. म्हणून कोकणातल्या बागेसाठी पक्षी ओळखायचं साधन घ्यायचं तर आधी त्याला कान किती आहे हे बघावं लागतं. मर्लिनची खरी ताकद तिथेच आहे.

हे ॲप अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने केलेलं आहे. 2014 साली ते आलं तेव्हा फक्त उत्तर अमेरिकेतले पक्षी त्यात होते. आवाजावरून पक्षी ओळखायची सोय 2021 मध्ये आली. याच प्रयोगशाळेचा ई-बर्ड नावाचा उपक्रम 2002 पासून चालू आहे. जगभरचे लोक आपण कुठे, कधी, कोणता पक्षी पाहिला याच्या याद्या त्यात भरतात, आणि मर्लिनचं पोट त्या याद्यांवर भरतं. त्याचा फायदा पहिल्याच दिवशी कळतो. जागा आणि तारीख सांगितली की या भागात, या दिवसांत कोणते पक्षी असण्याचा संभव आहे याची यादी समोर येते, आणि नेहमीचे पक्षी वर असतात. भारतात पक्ष्यांच्या तेराशेच्या आसपास जाती आहेत. त्यातून जुलै महिन्यात कुडाळला दिसू शकतील तेवढेच समोर आले, तर नवख्या माणसाचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. हिमालयातला पक्षी आपल्या जास्वंदीवर बसला आहे असं वाटण्याचा प्रसंगच येत नाही. संच मात्र वायफायवर उतरवा, बराच मोठा असतो. आणि फोनचं लोकेशन चालू ठेवा.

आता आवाजाबद्दल. बटण दाबलं की फोन ऐकायला लागतो आणि पडद्यावर आवाजाचं चित्र डावीकडे सरकत जातं. उंच पट्टीचा आवाज चित्रात वर, खालच्या पट्टीचा खाली. संगणक त्या चित्रातली नक्षी ओळखतो, म्हणजे ऐकण्याचं काम तो बघून करतो. मला हे चित्र फार आवडतं, आणि नुसती नावं वाचून फोन खिशात टाकणाऱ्यांचं खूप काही हुकतं. तांबटाचं टुक-टुक-टुक पडद्यावर सारख्या अंतराच्या ठिपक्यांची ओळ होऊन जातं, कुणी मोजून टाके घातल्यासारखं. दयाळाच्या गाण्याच्या वेलांट्या होतात, वर-खाली, प्रत्येक वेळी वेगळ्या. भारद्वाजाचं हूप-हूप तळाला जाड पट्ट्यांनी उमटतं. महिनाभर हे चित्र बघत राहिलं की नाव येण्याआधीच आकारावरून कोण बोलतंय ते समजायला लागतं, आणि पुढे फोनशिवायही तोच आकार कानात दिसायला लागतो.

माझी पद्धत सांगते. पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर फोन पालथा न ठेवता उभा टेकवून ठेवायचा, माइकचं तोंड बागेकडे. हातात धरला की बोटं घासल्याचा आवाज त्यात जातो. मार्च-एप्रिलच्या दिवसांत सगळ्यात आधी दयाळ येतो. माडाच्या शेंड्यावर, अंधारातच. त्याच्या मागोमाग नाचण. त्याचं गाणं पाच-सहा सुरांचं, वर चढत जाऊन खाली उतरणारं. मग बुलबुल, शिंपी, सुभग. सूर्य डोंगराच्या वर आला की कुटुर्गे सुरू होतात आणि मग दुपारपर्यंत थांबतच नाहीत. पडद्यावर एकेका नावाची ओळ तयार होत जाते, आणि तो पक्षी पुन्हा बोलला की त्याची ओळ पिवळी उजळते. ही पिवळी ओळ म्हणजे या ॲपमधली सगळ्यात कामाची गोष्ट. एका वेळी सात पक्षी बोलत असताना नेमका हा आवाज कुणाचा, ते त्या उजळण्यातून कळतं. शेजारची मुलं सुट्टीत येऊन बसतात तेव्हा त्यांचा हाच खेळ असतो: "काकी, आता पिवळो कोण झालो?"

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. वय वाढलं की उंच पट्टीचे आवाज आधी जातात. फुलटोच्याचं टिक-टिक, शिंजिराची बारीक चिवचिव माझ्या सासूबाईंना आता ऐकूच येत नाही, आणि मलाही पूर्वीसारखी येत नाही. फोन ती पकडतो. "फुलटोच्या" अशी ओळ उमटली की मी आंब्यावरच्या बांडगुळाकडे दुर्बीण फिरवते, आणि तो तिथे असतोच. अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, फिकट गुलाबी चोचीचा. बांडगुळाचं फळ खातो, चिकट बी फांदीवर पुसून टाकतो, आणि तिथे नवं बांडगूळ रुजतं. बागायतदारांचा त्याच्यावर राग असतो तो याच कारणाने. आमच्या कलमांवरचं बांडगूळ आम्हीही काढतो, पण गडग्याजवळच्या रायवळ आंब्यावरचं ठेवलं आहे. त्याच्या लाल-केशरी नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात, फळांवर फुलटोच्ये येतात. हा छोटा पक्षी आपल्या बागेत आहे हे मला ॲपशिवाय बहुधा कळलंच नसतं.

मुक्कामाला येणाऱ्या वटवट्यांच्या बाबतीतही तसंच. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की हिरवट पर्ण वटवट्या येतो आणि उन्हाळ्यापर्यंत आंब्या-फणसांच्या शेंड्याला राहतो. दिसायला हिरवट-राखाडी, भुवईची एक फिकट रेघ, पंखावर बारीक पट्टी. दुर्बिणीत आला तरी दुसऱ्या पर्ण वटवट्यांपासून वेगळा काढता येत नाही, आणि दोन सेकंद एका जागी थांबत नाही. पण दिवसभर त्याचं चि-वी, चि-वी चालू असतं. अशा पक्ष्याची ओळख जाणकारही आवाजावरूनच पक्की करतात, आणि तिथे मर्लिन आपल्यासारख्यांच्या फार उपयोगाला येतं. खाली कुंपणाच्या झुडपात चक्-चक् करणारा आणि अजिबात बाहेर न येणारा दुसरा पाहुणा म्हणजे ब्लिथचा बोरू वटवट्या. हिवाळ्यात ही दोन नावं पडद्यावर रोज येतात. आली नाहीत तर मला चुकल्यासारखं होतं.

आता ॲपच्या मर्यादा. पहिली म्हणजे नकलाकार. भृंगराज आमच्या रानात आहे. शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे चमचे. तो शिक्रा, सर्पगरुड यांच्या हाका हुबेहूब काढतो. पर्णपक्षीही कमी नाही, तो एका दमात चार-पाच जणांच्या हाका घेऊन दाखवतो. यंत्र आवाजाचा आकार वाचतं, आवाज काढणाऱ्याचा चेहरा ते बघत नाही. तेव्हा एकाच झाडातून मिनिटभरात शिक्रा, तांबट आणि हळद्या अशी यादी आली, तर झाडाखाली जाऊन बघायचं. तिथे एकच काळा पक्षी बसलेला असण्याचा संभव फार मोठा. यादीत अचानक एखादं अनोळखी, दुर्मिळ नाव आलं तरी तेच. ते नाव म्हणजे फक्त एक सूचना, तिकडे बघा एवढं सांगणारी. नजरेने खात्री होईपर्यंत मी ते वहीत लिहीत नाही. ई-बर्डवर यादी भरणाऱ्यांनाही ॲपच्या नावावर विसंबू नका, पक्षी स्वतः पाहून किंवा ऐकून ओळखा आणि मगच नोंदवा असं सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. आपण भरलेली नोंद उद्या कुणाच्या तरी अभ्यासात जाणार असते.

दुसरी मर्यादा बागेतल्या आवाजांची. शिपण्याचा पंप चालू असेल तर फोन बंद ठेवलेला बरा. मे महिन्यात रानातले किडे दुपारभर कर्कश सूर लावून बसतात. तेव्हा पडद्याच्या वरच्या भागात पट्टाच पडतो आणि बारीक आवाज त्यात बुडून जातात. पावसाच्या सरीत तर काहीच हाती लागत नाही. माडाच्या झावळ्यांवर पाऊस पडायला लागला की माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, फोन काय करणार! सर थांबल्यावरची दहा मिनिटं मात्र सोडू नका. त्या वेळी सगळे एकदम बोलतात.

तिसरी गोष्ट: किती पक्षी आहेत ते ॲप सांगत नाही. सातभाईंचा अख्खा थवा कलकलला तरी पडद्यावर ओळ एकच. मोजणं आपल्याकडे.

आणि काही पक्ष्यांचे आवाज ओळखून फारसं पुढे जाता येत नाही, तिथे डोळाच लागतो. आमच्या बागेत याचं उत्तम उदाहरण म्हणजे शिंजीर. केळफुलावर, जास्वंदीवर, बांडगुळावर चार जातींचे शिंजीर येतात आणि सगळे बारीक आवाजात, घाईघाईने बोलतात. ते कसे वेगळे करायचे हे मी केळीच्या बागेत बसून शिकले. केळफुलाची एक जांभळी पाकळी वर वळते, खालची पिवळट फुलांची फणी उघडी पडते, आणि सकाळच्या वेळी त्यात मध असतो. फुलापासून सात-आठ फुटांवर पोफळीला पाठ लावून बसलं आणि हललं नाही, तर ते आपली दखलही घेत नाहीत. जांभळ्या कटीच्या शिंजिराच्या नराचं पोट स्वच्छ पिवळं, वर गळ्याखाली तपकिरी-तांबडी पट्टी. सह्याद्रीचा छोटा शिंजीर त्याच्याहून लहान, छातीवर रुंद गडद लाल डाग आणि खाली मळकट राखी-पिवळं पोट. हा फक्त पश्चिम घाटाच्या पट्ट्यात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि आमच्या केळफुलावर रोज येतो याचा मला मनापासून आनंद आहे. जांभळा शिंजीर उन्हात निळा-जांभळा चमकतो, सावलीत नुसता काळा दिसतो. चौथा लोटेनचा. तो ओळखायला चोचीकडे बघायचं. लांबलचक आणि चांगली वाकलेली. शिवाय पोट तपकिरी. माद्या सगळ्यांच्या साध्या, वरून मातकट आणि खाली पिवळट. त्यांच्यासाठी गळ्याचा रंग बघायचा: जांभळ्या कटीच्या मादीचा गळा पांढुरका असतो आणि छाती पिवळी.

इथे मर्लिनची दुसरी सोय उपयोगी पडते. फोटो दाखवला की ते नाव सुचवतं. दुर्बिणीच्या भिंगाला फोनचा कॅमेरा लावून काढलेला साधा फोटोसुद्धा चालतो, पक्षी चौकटीत नीट बसला आणि चोच-गळा दिसत असेल तर. सुचवलेल्या नावाखाली त्या जातीचे नर, मादी, पिल्लं यांचे वेगवेगळे फोटो असतात. ते शेजारी ठेवून आपला पक्षी ताडून बघता येतो, हे मला नावापेक्षाही मोलाचं वाटतं.

तिसरी सोय प्रश्नोत्तरांची. कुठे पाहिला, कधी, केवढा होता, रंग कोणते, काय करत होता, एवढं सांगितलं की संभाव्य पक्षी समोर येतात. मोठी माणसं ही सोय फारशी वापरत नाहीत. मुलांसाठी मात्र ती उत्तम आहे, कारण उत्तर द्यायचं तर आधी नीट बघावं लागतं. चिमणीपेक्षा मोठा होता का, कावळ्यापेक्षा लहान का, जमिनीवर चरत होता की झाडावर. ही सवय लागली की पुढचं सगळं सोपं.

आता ज्या एका पक्ष्यासाठी मी या ॲपची कायमची ऋणी आहे, त्याच्याबद्दल.

मे संपत आला होता. हवेत उकाडा, ढग डोंगरावर येऊन थांबलेले. पावशाचं "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" रात्री-अपरात्रीही चालू होतं. मी पडवीत फोन लावून बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगो, त्या मोबायलाक कित्याक इचारतंस? पावशो तो. पावस लांब नाय आता." त्यांना पावशा, कोकीळ, भारद्वाज, पिंगळा यांच्यासाठी कसलंच यंत्र लागत नाही, आणि कोकीळ आणि त्याची मादी यांचे दोन वेगळे आवाज त्या झोपेतही सांगतील. नर कुहू करतो आणि ठिपक्याठिपक्यांची मादी किक-किक-किक करत कावळ्यापुढून पळते, हे मला त्यांनीच दाखवलं. तर पावशाची ओळ पडद्यावर आली होतीच. तिच्या खाली एक नवी ओळ आली: नवरंग. मागीलदारच्या बाजूने दोन सुरांची शीळ येत होती, स्पष्ट, थोडा वेळ थांबून पुन्हा. सासूबाईंनी हातातलं निवडणं थांबवलं. ही शीळ त्यांनी लहानपणापासून दर पावसाळ्याच्या तोंडावर ऐकलेली. पण घालणारा पक्षी कधी पाहिला नव्हता, कारण तो झाडावर शोधायचा आणि तो असतो जमिनीवर.

नवरंग कुठे शोधायचा हे ॲपमधल्या माहितीतच होतं: दाट सावलीत, पाचोळ्यात. जायफळांखाली पातेरा जाड साचलेला होता. संध्याकाळी आम्ही दोघी न्हाणीच्या कोपऱ्यावर उभ्या राहिलो. काही वेळाने पातेऱ्यातलं एक पान उडालं. मग दुसरं. पानं उलटवत तो पुढे येत होता, दोन उड्या मारायचा आणि थांबायचा. आखूड शेपूट, हिरवी पाठ, खांद्यावर निळं, डोळ्यावरून काळी जाड पट्टी आणि तिच्या वर पांढरी भुवई, बदामी छाती, आणि शेपटीखाली कुंकवासारखं लाल. चोचीत लांब गांडूळ. सासूबाईंच्या तोंडून एवढंच आलं, "इतको रंगीत!" आणि मग बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

हा पक्षी हिवाळा दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत काढतो आणि वीण करायला पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे येतो. त्याला लागतो तो पातेरा. आमच्याकडे सगळीकडे मे महिन्यात बागा झाडून पातेरा पेटवायची रीत आहे, आणि शेतात भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजायला, तो नेलाही जातो. त्या वर्षापासून जायफळांखालचा आणि विहिरीमागचा पातेरा आम्ही हलवत नाही. माडाच्या आळ्यांत लागतो तेवढाच बाकीचा वापरतो. आता त्या पट्ट्यात नारिंगी डोक्याचा कस्तूरही असतो, पानं उलटण्याची त्याची सवय तशीच. एका पावसात ओहोळाच्या काठावर तिबोटी खंड्याही दिसून गेला. नाव कळलं म्हणून सवय कळली, सवय कळली म्हणून जागा राखली गेली. ॲपचं मूल्य मला यात दिसतं. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी किती लांबली, हे मी मोजत नाही.

दुर्बिणीबद्दलही दोन शब्द, कारण मर्लिन एकटं पुरत नाही. आमच्या पहिल्या दुर्बिणीत पहिल्याच पावसाळ्यात आतून दव धरलं आणि पुढे भिंगावर बुरशीची जाळी आली. पेटीवर ती पावसात चालेल असं छापलेलं होतं, आणि विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. कोकणात दुर्बीण घेताना आत नायट्रोजन भरून बंद केलेली आहे का, हे लेखी विचारा. आकार 8×42 घ्या. म्हणजे 8 पट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असतं. 42 ला 8 ने भागलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा व्यास मिळतो, सव्वापाच मिलिमीटर. खिशातल्या 10×25 मध्ये तो फक्त अडीच मिलिमीटर. उघड्या माळावर हा फरक जाणवणार नाही. पोफळीच्या बागेत, ढगाळ सकाळी, नवरंग दिसणं आणि नुसती सावली दिसणं यातला तो फरक आहे. दुसरं म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं ते बघा. दोन-अडीच मीटरवरचं दिसलं पाहिजे, नाहीतर केळफुलावरचा शिंजीर धूसर राहील. वापरून झाली की हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि उन्हाचा दिवस मिळाला की बाहेर काढा.

ॲपमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण फोनमध्ये साठून राहतं. ते ई-बर्डच्या यादीला जोडून पाठवता येतं, आणि आपल्या भागातल्या लोकांनी हे अवश्य करावं. आवाज ओळखायला यंत्राला शिकवतात ते माणसांनी पाठवलेल्या ध्वनिमुद्रणांवरच. ज्या पक्ष्याचे आवाज भरपूर जमले आहेत तो त्याला चांगला येतो, ज्याचे कमी जमले तो कच्चा राहतो. कोकणात पहाटे बागेत जाणारी माणसं घरोघरी आहेत. फेब्रुवारीत जगभर परसबागेतल्या पक्ष्यांची चार दिवसांची गणना असते. पंधरा मिनिटं आपल्याच खळ्यात उभं राहून दिसले-ऐकले ते लिहायचं, एवढंच काम. आमच्या वाडीतली मुलं आता ते करतात, आणि कावळे-साळुंक्या मोजायलाही तितकाच वेळ देतात.

शेवटची गोष्ट विनंती म्हणून लिहिते. ॲपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे आवाज ऐकायची सोय आहे. ते घरात बसून, आवाज बारीक ठेवून किंवा इअरफोन लावून ऐका. बागेत मोठ्याने लावू नका. उन्हाळ्यात आणि पावसात वीण चालू असते. दयाळाला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं टाकून, पिल्लांना टाकून शेपूट उभारून त्याला हुसकायला येतो, आणि तिथे कुणीच नसतं. नवरंगाचं घरटं जमिनीलगत किंवा बुटक्या फांदीवर असतं, मांजरांच्या टप्प्यात. त्याला असं उगाच बाहेर बोलावणं त्याच्या जिवावर येऊ शकतं. फोटोसाठी येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही गडग्यापाशीच हे सांगतो, आणि ज्यांना पटत नाही त्यांना बाग दाखवत नाही.